नवजात अर्भकाचे पुरळ : नाव आणि निदान

नवजात अर्भकाच्या अंगावर पुरळ दिसताच घरातील वडीलधारी स्त्री ‘घामोळे’ म्हणून मोकळी होते. ‘पुरळ’ हा शब्द केवळ दृश्य सांगतो. ‘घामोळे’ मात्र घाम हे कारणही सांगून टाकतो. शास्त्रीय संज्ञाही या दोषापासून मुक्त नाहीत. लायनर यांनी १९१२ मध्ये योजिलेली ‘एरिथिमा निओनेटोरम टॉक्सिकम’ ही संज्ञा विषाचा निर्देश करते. वस्तुतः बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठणारे, तळहात-तळपाय सहसा वगळणारे हे पुरळ निरुपद्रवी होय. त्यातील पिवळसर पुटकुळ्या पुवाच्या भासल्या तरी जंतुरहित असतात व साधारणतः एक-दोन आठवड्यांत आपोआप मावळतात.

यास्तव नावाआधी वर्णन घ्यावे. पुरळ जन्मतःच होते की मागाहून उठले? कोठे उठले? दाबल्यास लाली फिकटते काय? बाळ नीट दूध ओढते काय? पाणी भरलेल्या फोडांचा पुंजका, दाबूनही न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके, ३८ अंश सेल्सिअस वा अधिक ताप, अथवा सुस्ती, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. अशा फोडांच्या मुळाशी हर्पीसचा संसर्ग असू शकतो. तेथे ‘घामोळेच ते’ या दोन शब्दांत दवडलेला वेळ बाळाच्या जिवावर बेततो.