हलक्या शहरी रेल्वेच्या नियोजनात प्रवासीसंख्येचा अंदाज : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

रस्त्याच्या पातळीवरून किंवा स्वतंत्र पट्ट्यातून धावणाऱ्या, मेट्रोपेक्षा कमी क्षमतेच्या विद्युत रेल्वेला लाइट रेल अर्थात हलकी शहरी रेल्वे म्हणतात. 1874 ते 1964 या काळात मुंबईत धावलेली ट्राम ही तिची पूर्वज होय. आता मध्यम आकाराच्या शहरांसाठीही जलद वाहतुकीचा विचार होऊ लागला असून 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपयांच्या साहाय्याची घोषणा झाली होती. अशा कोणत्याही योजनेत तिकीटदर, गाड्यांची संख्या आणि कर्जफेड यांचा हिशेब एकाच आकड्यावर उभा असतो, तो म्हणजे दररोजच्या प्रवाशांचा. हा आकडा कसा काढला जातो, तो का चुकतो आणि अहिल्यानगर जिल्ह्यात कोणती दक्षता आवश्यक ठरेल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अंदाजाच्या चार पायऱ्या

शहराचे लहान विभाग पाडून अंदाज चार पायऱ्यांनी केला जातो. पहिली पायरी प्रवासनिर्मितीची : कुटुंबांचे सर्वेक्षण करून प्रत्येक विभागातून किती फेऱ्या निघतात हे ठरवले जाते. दुसरी प्रवासवितरणाची : उदाहरणार्थ, सावेडीतून निघणाऱ्यांपैकी किती जण नागापूर औद्योगिक वसाहतीकडे आणि किती रेल्वे स्थानकाकडे जातात. तिसरी साधननिवडीची : दुचाकी, रिक्षा, बस आणि प्रस्तावित रेल्वे यांचा खर्च व वेळ यांची तुलना करून प्रत्येकाचा वाटा काढला जातो. चौथ्या पायरीत या फेऱ्या प्रत्यक्ष मार्गांवर वाटल्या जातात.

यांपैकी तिसरी पायरी सर्वांत नाजूक आहे. गाडीत बसून गेलेल्या दहा मिनिटांपेक्षा उन्हात थांबून गेलेली दहा मिनिटे प्रवाशाला अधिक जाचक वाटतात. म्हणूनच प्रतीक्षेच्या व चालण्याच्या वेळेला गणितात अधिक भार द्यावा लागतो. दारातून निघणाऱ्या दुचाकीशी स्पर्धा असताना हा भार कमी धरला, तर रेल्वेचा वाटा कागदावर सहज फुगतो.

चुकांचा गुणाकार

या पायऱ्यांतील चुकांची केवळ बेरीज होत नाही, बहुतांशी गुणाकार होतो. चारही पायऱ्यांवर प्रत्येकी केवळ 20 टक्के आशावाद धरला, तरी अंतिम आकडा 2.07 पट, म्हणजे दुपटीहून अधिक होतो. हे उदाहरण काल्पनिक असले तरी अनुभव त्याहून फारसा वेगळा नाही. बेंट फ्लिवबर्ग व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 14 देशांतील 210 वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील रेल्वे प्रकल्पांची प्रत्यक्ष प्रवासीसंख्या अंदाजापेक्षा सरासरी निम्म्याहून कमी भरली.

मुंबईची मोनोरेल तांत्रिकदृष्ट्या हलकी रेल्वे नव्हे, तथापि तिचा धडा येथे लागू पडतो. वडाळा–चेंबूर हा टप्पा 2014 मध्ये आणि संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा टप्पा 2019 मध्ये सुरू झाला. दररोज लाखाहून अधिक प्रवासी अपेक्षित असताना प्रत्यक्षात ही संख्या काही हजारांतच राहिली. पहिल्या टप्प्याचा बराच भाग विरळ वस्तीच्या औद्योगिक परिसरातून जात होता आणि गाड्या अपुऱ्या असल्याने दोन फेऱ्यांतील अंतर मोठे होते. सप्टेंबर 2025 मध्ये आधुनिकीकरणासाठी ही सेवा स्थगित करण्यात आली.

जिल्ह्याची वैशिष्ट्ये

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात दोन बाबी विशेष लक्षात घ्याव्या लागतील. पहिली, अहिल्यानगर शहरातील गर्दी केवळ शहरवासीयांची नसते. 2011 च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख होती. परंतु माळीवाडा व तारकपूर बस स्थानकांवर तालुक्यांतून उतरणारे विद्यार्थी, रुग्ण व कामकरी शहरातील कुटुंब-सर्वेक्षणात येतच नाहीत. त्यांची मोजणी स्थानकांवरच करावी लागेल. दुसरी, शिर्डी व शनिशिंगणापूर येथील प्रवासी मुख्यत्वे भाविक आहेत. रामनवमी, गुरुपौर्णिमा किंवा शनि अमावास्येची गर्दी वर्षभराची मानल्यास मार्ग तोट्यात जाईल आणि केवळ वार्षिक सरासरी पाहिल्यास उत्सवाच्या दिवशी व्यवस्था कोलमडेल. म्हणून सामान्य दिवस, शनिवार-रविवार आणि उत्सव यांचे अंदाज स्वतंत्र असावेत.

निष्कर्ष

फुगवलेल्या अंदाजाचा भार शेवटी नागरी संस्थेवर आणि करदात्यांवर पडतो. बससाठी उपलब्ध होऊ शकणारा निधीही त्यात अडकतो. 2017 च्या मेट्रो रेल धोरणाने पर्यायांची तुलना बंधनकारक केली, ती याच कारणास्तव महत्त्वाची आहे. अंदाज एका आकड्यात न देता किमान, संभाव्य व कमाल अशा तीन स्वरूपांत द्यावा आणि त्यामागील गृहीतके जाहीर करावीत. आजच्या बस व रिक्षा प्रवाशांची काळजीपूर्वक गणना हा त्याचा पाया होय. भूगोल, संख्याशास्त्र व अर्थशास्त्र विभागांच्या सहकार्याने जिल्ह्यातील महाविद्यालये ही गणना करू शकतात. अशी माहिती आधीच हाती असेल, तर उद्या येणाऱ्या प्रस्तावाची पारख जिल्ह्याला स्वतःच करता येईल.