देव, बँजो आणि बारा गाणी

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. बँजो म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गणपतीची मिरवणूक येत असेल, नाहीतर रितेश देशमुखचा २०१६चा सिनेमा. तो बँजो हा नव्हे. आपला बटणांचा, टेबलावर ठेवून वाजवायचा. हा अमेरिकन. डफाला गिटारची मान जोडल्यासारखा दिसतो. त्याचं मूळ गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन लोकांच्या वाद्यांमध्ये आहे. आवाज कोरडा, टणटणीत. आणि याच बँजोच्या जोरावर एका मुलाने २००४ साली बायबलमधल्या गोष्टींवर एक अख्खा अल्बम केला. नाव 'सेव्हन स्वान्स', म्हणजे सात हंस.

मुलाचं नाव सुफ्यान स्टीव्हन्स. नाव ऐकून दचकलात ना? अमेरिकेत, डेट्रॉइटमध्ये १९७५ साली जन्मलेल्या गोऱ्या ख्रिस्ती मुलाचं नाव सुफ्यान कसं? त्याचे आईवडील तेव्हा 'सुबुद' नावाच्या एका सर्वधर्मीय आध्यात्मिक पंथात होते, तिथून हे नाव आलं. पुढे तो मिशिगनमधल्या होप कॉलेजमध्ये शिकला, कॉलेजात बँड केला आणि मग लेखनाचा कोर्स करायला न्यूयॉर्क गाठलं. म्हणजे हा मूळचा लेखक व्हायला निघालेला माणूस. गाण्यांमधून ते कळतंच.

आता तुम्ही म्हणाल, ख्रिश्चन गाण्यांचा अल्बम आणि कॉलेजच्या पोरांनी ऐकायचा? थांबा. अमेरिकेत 'ख्रिश्चन म्युझिक' ही एक वेगळीच इंडस्ट्री आहे. तिची रेडिओ स्टेशनं वेगळी, चार्ट वेगळे, डव्ह अवॉर्ड्स नावाचे पुरस्कारही वेगळे आणि तेही १९६९पासून. देवावर गाणं लिहिलंत की त्या दारातून आत जायचं, तिथले श्रोते तयार असतात. सुफ्यान त्या दारातून गेलाच नाही. त्याने सावत्र वडिलांबरोबर १९९९मध्ये स्वतःचं छोटं लेबल काढलं होतं, 'अस्थमॅटिक किटी', म्हणजे दमेकरी मांजर! आणि 'सेव्हन स्वान्स' निघाला तो डॅनियल स्मिथ या मित्राच्या तितक्याच छोट्या लेबलवर. स्मिथनेच तो प्रोड्यूस केला आणि वाजवायला-गायला स्मिथच्याच घरची भावंडं. मोठी कंपनी नाही, चर्चचं पाठबळ नाही. ज्या पोरांच्या प्लेलिस्टमध्ये देव हा विषयच नव्हता, त्यांच्यासमोर याने बायबल ठेवलं. आणि त्यांनी ते ऐकलं.

का ऐकलं असेल? माझ्या मते, कारण तो कुठेही उपदेश करत नाही. तो गोष्टीच्या आत जाऊन उभा राहतो. पहिल्या गाण्याचं नाव जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकातून आलंय. शेतातली झाडं टाळ्या वाजवतील, अशी ती कल्पना. 'अब्राहाम' हे गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं. देवाने मागितला म्हणून पोटच्या पोराला, इसहाकाला, बळी द्यायला निघालेला बाप, ही ती गोष्ट. हिच्यावर कोणीही ढोल बडवून ड्रामा केला असता. सुफ्यान ती अंगाईसारखी हळू गातो आणि म्हणूनच काटा येतो. 'अ गुड मॅन इज हार्ड टू फाइंड' हे तर थेट फ्लॅनरी ओकॉनर या लेखिकेच्या कथेवरचं. कथा एका कुटुंबाच्या खुनाची आणि गाण्यात बोलतोय खुनी. भक्तिगीतांच्या अल्बममध्ये खुन्याचा 'मी'! हे धाडस मला अजूनही भारी वाटतं.

सगळंच ग्रेट आहे असं नाही हं. मधली एकदोन गाणी इतकी सुस्त आहेत की बसमध्ये ऐकलीत तर तुमचा स्टॉप निघून जाईल.

पण ज्या गाण्यावरून लोक वीस वर्षं वाद घालतायत, ते म्हणजे 'टू बी अलोन विथ यू'. गाण्यात एक 'तू' आहे. त्या 'तू'ने आपलं सगळं देऊन टाकलंय आणि गाणाऱ्याला त्याच्याबरोबर एकांत हवाय. चर्चमध्ये वाढलेल्यांना हा 'तू' म्हणजे सरळसरळ येशू वाटतो. बाकीच्यांना हे निव्वळ प्रेमगीत वाटतं, तेही एका पुरुषाने पुरुषासाठी म्हटलेलं. फॅन्समध्ये यावरून केवढी भांडणं! गंमत म्हणजे मराठी माणसाला यात भांडण्यासारखं काही दिसू नये. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्यात. विठ्ठलासाठी झुरणारी ती बाई ज्ञानेश्वरच असतात आणि ती प्रेयसी की भक्त, असं आपण कधी विचारत नाही.

सुफ्यान स्वतः यावर कित्येक वर्षं गप्पच होता. मग २०२३ आलं. सप्टेंबरमध्ये त्याने सांगितलं, की गियां-बारे सिंड्रोममुळे त्याला चालता येत नाहीये, तो पुन्हा चालायला शिकतोय. ऑक्टोबरमध्ये 'जॅव्हलिन' हा नवा अल्बम आला आणि तो त्याने अर्पण केला आपल्या जोडीदाराला. तो जोडीदार त्याच एप्रिलमध्ये गेला होता. इतक्या उघडपणे तो या नात्याबद्दल पहिल्यांदाच बोलला.

आता विचार करा. अमेरिकेतली कितीतरी चर्च समलैंगिक असणं पाप मानतात. अशा चर्चमध्ये वाढलेल्या, देवावर विश्वास असलेल्या आणि स्वतःबद्दल कोणालाच सांगू न शकलेल्या एखाद्या मुलाने २००४ साली तेच गाणं ऐकलं असेल. त्याला देव आणि प्रेम यातलं एक काही निवडा, असं ते गाणं सांगत नव्हतं. दोघांसाठी शब्द एकच होता. हे गाणं तेव्हा त्याच्यासाठी काय असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

'पण मी देवच मानत नाही' वाल्यांसाठी एक प्रश्न. भीमसेन जोशींची 'संतवाणी' ऐकायला वारीला जावं लागतं का? 'अभंग रिपोस्ट' गिटार-ड्रम्सवर अभंग वाजवतात, तेव्हा समोर उड्या मारणारे सगळे माळकरी असतात का? आणि बायबल लोकांच्या चालीत गाणं आपल्याला नवीनही नाही. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठी ओव्यांमध्ये 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६मध्ये छापलं गेलं. १८९५मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड टिळकांनी येशूवर अभंग लिहिले, ते मराठी चर्चमध्ये आजही गातात. एकाने ओवी घेतली, एकाने अभंग. सुफ्यानने बँजो घेतला, एवढंच.

अल्बम साधारण पाऊण तासाचा, एका लेक्चरपेक्षा छोटा. सुरुवात 'अब्राहाम'ने करा. सात हंसांचं टायटल साँग नंतर ऐका, कारण ते साडेसहा मिनिटांचं आहे आणि सुरुवातीला काही घडतच नाही असं वाटतं. शेवटी ते जे अंगावर येतं, त्यासाठी आधीची शांतता सोसावी लागते. 'द ट्रान्सफिगरेशन' मात्र सर्वांत शेवटी. येशू शिष्यांना घेऊन डोंगरावर जातो, त्याचं रूप पालटतं, मोशे आणि एलीया दिसतात, ढग उतरतो. एकटा बँजो सुरू होतो आणि एकेक वाद्य, एकेक आवाज येऊन मिळत जातो, भजनात मागून टाळकरी सामील होतात ना, अगदी तसं. आणि प्लीज, हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर तो बँजो पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा वाजतो.