चहा गार होण्याआधी स्पर्धकाची कुंडली

समोरचा दुकानदार काय भावाने विकतो, हे बघायला पूर्वी दुकानातला पोरगा पाठवत. आता ते काम एआय शोधसाधनं करतात. प्रश्न टाका, ती ढीगभर वेबपानं चाळतात आणि दुव्यांसकट उत्तर समोर ठेवतात. या टेहळणीच्या दुनियेतल्या आठ चटकदार गोष्टी!

१. टेपरेकॉर्डर जप्त!
वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन प्रतिस्पर्ध्यांच्या दुकानांत फिरून भाव टिपत. सॅन दिएगोच्या प्राइस क्लबमध्ये त्यांचा टेपरेकॉर्डर पकडला गेला. त्यांनी तिथल्या रॉबर्ट प्राइस यांना चिठ्ठी लिहिली आणि टेप चक्क परत आली! १९९२च्या आत्मचरित्रात हा किस्सा त्यांनी स्वतःच सांगितलाय.

२. गूगलने लावला सापळा
मायक्रोसॉफ्टचं शोधसाधन बिंग आपले निकाल उचलतंय, असा गूगलला संशय आला. त्यांनी सुमारे १०० निरर्थक शब्द बनवले आणि प्रत्येकापुढे भलतंच पान चिकटवलं. काही आठवड्यांत त्यातले मोजके निकाल बिंगवर उमटले! फेब्रुवारी २०११ मध्ये प्रकरण गाजलं. मायक्रोसॉफ्टचं उत्तर : लोक कशावर क्लिक करतात, ही आमच्या हजारावर खुणांपैकी एक.

३. उद्घाटनालाच आकडा चुकला
७ फेब्रुवारी २०२३. नव्या एआय बिंगचा जाहीर प्रयोग, विषय गॅप आणि लुलुलेमन या कपड्यांच्या कंपन्यांची तुलना. म्हणजे अस्सल स्पर्धक-अभ्यास! बिंगने गॅपचं ऑपरेटिंग मार्जिन ५.९ टक्के सांगितलं. कंपनीच्या अहवालात होतं ४.६ टक्के. चूक सापडली ती कुणीतरी मूळ अहवाल उघडला म्हणून.

४. एक वाक्य, दहा हजार कोटी डॉलर
दुसऱ्याच दिवशी गूगलची पाळी. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचं पहिलं छायाचित्र जेम्स वेब दुर्बिणीने टिपलं, असं गूगलच्या ‘बार्ड’ या एआय चॅटबॉटच्या जाहिरातीत होतं. ते छायाचित्र तर चिलीतल्या दुर्बिणीने २००४ मध्येच घेतलं होतं. त्या दिवशी गूगलची मालक कंपनी अल्फाबेटचं बाजारमूल्य सुमारे १०,००० कोटी डॉलरांनी घसरलं.

५. एका प्रश्नाची पिल्लं
‘माझ्या स्पर्धकांची तुलना कर’ म्हटलं की साधन त्याचे अनेक छोटे प्रश्न करतं : किमती काय, ग्राहक काय म्हणतात, नवीन काय आणलं? प्रत्येकाचा शोध वेगळा, मग सगळ्याची मोट. ओपनएआयने फेब्रुवारी २०२५ मध्ये आणलेलं ‘डीप रिसर्च’ अशा कामाला ५ ते ३० मिनिटं घेतं. एक चहा, फार तर दोन.

६. दुवा आहे, पण खरा आहे का?
कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटरने मार्च २०२५ मध्ये आठ एआय शोधसाधनं तपासली. बातमीतला उतारा द्यायचा आणि ती कुणाची, कधीची, दुवा कोणता, हे विचारायचं. असे १,६०० प्रश्न झाले. ६० टक्क्यांहून जास्त उत्तरं चुकली, तीही बहुतेक ठाम सुरात!

७. गुपितं सरकारी कपाटात
पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. म्हणजे स्पर्धक उद्या काय आणणार, याचा सुगावा आजच लागू शकतो. ट्रेडमार्कचा शोध मोफत, त्या नोंदणीचं मुख्यालय तर मुंबईतच. शेअरबाजारात उतरू पाहणाऱ्या कंपनीच्या माहितीपत्रकाचा मसुदा सेबीच्या संकेतस्थळावर असतो, त्यात सगळ्या धंद्याचं चित्र मिळतं. खासगी कंपनीचा ताळेबंदही कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून पाहता येतो. एआय अशा शुल्काच्या दारापाशी सहसा थांबतं. पुढे आपणच जायचं.

८. पुसलेली पाटीही वाचता येते
स्पर्धकाने गुपचूप भाव वाढवले? २००१ पासून सर्वांना खुल्या असलेल्या ‘वेबॅक मशीन’वर त्याच्या संकेतस्थळाची जुनी पानं शोधा. तिथल्या पानांची संख्या २०२५ मध्ये एक लाख कोटींवर गेली. जुनं दरपत्रक आणि आजचं एआयपुढे ठेवा. फरक चटकन कळतो.

वॉल्टनकडे विमान होतं, माणसं होती. आज इचलकरंजीचा कापडवाला किंवा सांगलीची मसालेवाली ताईसुद्धा मोबाईलवर तेवढीच टेहळणी करू शकते, ही केवढी मोठी गोष्ट! फक्त गॅपचे ५.९ टक्के लक्षात ठेवा. ज्या आकड्यावर पैसे लावणार, त्याचा मूळ कागद आधी स्वतः उघडा.