परिचर्येतील प्रश्न आणि संशोधनसूचींचा शोध

नागपूर व एकूण विदर्भातील रुग्णालयांत सिकलसेलचे रुग्ण नित्य येतात. अशा एखाद्या मुलास तीव्र वेदनेचा झटका आला असता परिचारिकेपुढे एक साधा प्रश्न उभा राहतो : वेदनाशामक औषधाच्या जोडीला गरम शेक दिल्याने वेदना अधिक उतरते काय? थंडीने झटका येतो, हा अनेक रुग्णांचा अनुभव आहे. म्हणून शेक उपकारक असावा, असे अनुमान निघते. परंतु अनुमान म्हणजे प्रमाण नव्हे. प्रमाणासाठी संगणकीय संशोधनसूची, म्हणजेच डेटाबेस, पाहिली जाते. आणि प्रश्नाचे पूर्ण वाक्य तिच्यात घालून 'या विषयावर संशोधन नाही' असा निष्कर्ष घाईने काढला जातो. न सापडणे आणि नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांची गल्लत झाली तर सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा तपासण्यासाठी वेदनेने व्याकूळ झालेल्या रुग्णांवर अनावश्यक अभ्यास केला जाण्याचा संभव असतो.

शोधाची पहिली पायरी प्रश्नाचे पृथक्करण ही होय. 1995 साली रिचर्डसन प्रभृतींनी विशद केलेल्या व आज 'पिको' या नावाने रूढ असलेल्या पद्धतीत प्रश्नाची चार अंगे मानली जातात : रुग्ण, उपचार, तुलना आणि फलित. प्रस्तुत प्रश्नात झटका आलेली मुले हा रुग्ण, शेक हा उपचार, केवळ औषध ही तुलना आणि वेदनेतील घट हे फलित. तथापि चारही अंगे एकदम शोधात घालू नयेत. तुलना व फलित यांचा उल्लेख निबंधाच्या शीर्षकात वा सारांशात असेलच असे नाही. आरंभी रुग्ण व उपचार ही दोन अंगे बहुधा पुरेशी होतात.

दुसरी पायरी शब्दांची. एकाच कल्पनेचे सर्व पर्याय 'ऑर'ने जोडावेत व भिन्न कल्पना 'अँड'ने बांधाव्यात. 'नॉट' जपून वापरावा. प्रौढांना वगळू जाता मुले व प्रौढ या दोहोंवरील अभ्यासही गळून पडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने 1960 साली प्रचारात आणलेली 'मेश' ही विषयशीर्षके पर्यायी शब्दांना एका छत्राखाली आणतात. परंतु प्रत्येक निबंधास ही शीर्षके लाभलेली असतीलच असे नाही. म्हणून शीर्षक आणि मुक्त शब्द दोन्ही वापरावे लागतात. 'ॲनिमिया'चे इंग्रजी वर्णलेखन ब्रिटिश व अमेरिकन पद्धतींत वेगळे आहे. पबमेड हा भेद सामान्यतः आपणच सांभाळते. मात्र शब्द अवतरणचिन्हांत घातल्यास ती सोय थांबते.

याचे बोलके उदाहरण नागपूरचेच आहे. शुक्ल व सोळंकी यांचा विदर्भातील सिकलसेलविषयीचा आद्य निबंध 1958 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात 'सिकलसेल ट्रेट' आणि 'मध्य भारत' हे शब्द आहेत. 'ॲनिमिया', 'विदर्भ' वा 'नागपूर' नाहीत. 1988 पूर्वीच्या नोंदींत लेखकाच्या संस्थेचे नावही सामान्यतः नसते. त्यामुळे 'नागपूर' हा शब्द घालून शोधणाऱ्यास नागपूरचेच कार्य दिसणार नाही. स्थलनामाची चाळणी आरंभीच लावू नये, हा त्यातील बोध होय.

एका सूचीवर विसंबणेही इष्ट नव्हे. पबमेडचा भर वैद्यकावर आहे. परिचर्याशास्त्रासाठी सिनाहल, उपचारांच्या चाचण्या व पद्धतशीर आढाव्यांसाठी कॉक्रेन, आणि भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी शोधगंगा पाहावी. प्रत्येक वेळी दिनांक, सूचीचे नाव व वापरलेली शब्दयोजना टिपून ठेवावी. अन्यथा शोधाची पडताळणी कोणासही करता येणार नाही.

निबंध हाती आला म्हणजे शोध संपला, असेही नव्हे. सिकलसेलवरील बरेचसे साहित्य आफ्रिकी वंशाच्या रुग्णांविषयीचे आहे. भारतीय रुग्णांत प्रामुख्याने अरब-भारतीय जनुकीय प्रकार आढळतो व गर्भकालीन हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असते. म्हणून तेथील निष्कर्ष येथील खाटेवरील मुलास कितपत लागू पडतो, याचा विचार परिचारिकेसच करावा लागतो. सूची साहित्य पुढे ठेवते. त्याचा निवाडा वाचकाने करावयाचा असतो.