शब्दांची बिऱ्हाडं (लेखांक 17) : फर्मले कायची स्टाईल?

माझा एक जुना विद्यार्थी इथंच मलकापुरात दोन चुलतभावांना घेऊन सरकीचा धंदा सुरू करतोय. भागीदारीच्या कराराचा इंग्रजी मसुदा सीएकडून आला, तो घेऊन तो रविवारी घरी आला. पहिल्याच पानावर एका ओळीला पेन्सिलीनं गोल केलेला. हे भागीदार अमुक 'नेम अँड स्टाईल'नं धंदा करतील, असं तिथं लिहिलेलं. म्हणाला, "सर, नेम समजलं. पण फर्मले कायची स्टाईल?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे स्टाईल असते ती केसांना, चालण्याला, गॉगल चढवण्याला. वऱ्हाड-खानदेशच्या शिवेवर राहणाऱ्या आम्हा लोकांच्या वाट्याला तर ती ताटातही दोन्हीकडून येते, वऱ्हाडी स्टाईल नि खानदेशी स्टाईल. मुख्य म्हणजे आपण ती 'मारतो'. मराठीत मारल्या जाणाऱ्या गोष्टी पाहा: थापा, बढाया, फुशारक्या. त्यांच्या पंगतीत बसवल्यावर स्टाईलकडे संशयानं पाहिलं जाणारच. इंग्रजीत 'ही हॅज स्टाईल' ही निखळ तारीफ आहे. स्टाईल मारणाऱ्याला इंग्रज 'शोइंग ऑफ' म्हणेल, तिथं तो स्टाईल हा शब्द खर्ची घालणार नाही. फॅशनशीही त्याची गल्लत करू नये. फॅशन काळाची असते, आज आली नि उद्या गेली. स्टाईल त्या त्या माणसाची.

पण फर्मची स्टाईल समजायला आणखी मागं जावं लागतं. लॅटिनमध्ये 'स्टिलस' म्हणजे मेणाच्या पाटीवर लिहायची टोकदार काडी. एका टोकानं कोरायचं, दुसऱ्या चपट्या टोकानं मेण सारखं करून खोडायचं. होरेस हा रोमन कवी लिहिणाऱ्यांना ही काडी वारंवार उलटी करायला सांगतो, म्हणजे खोडत चला. (मसुदे करणाऱ्यांपर्यंत हा सल्ला पोचलेला दिसत नाही.) याच काडीच्या इटालियन अवतारापासून 'स्टिलेटो' हा बारीक खंजीर झाला, नि खंजिरावरून उंच टाचेचं सँडल.

इंग्रजीत स्टाईल या शब्दात 'आय'च्या जागी 'वाय' का, हा माझ्या वर्गात दरवर्षीचा प्रश्न असे. उत्तर असं की ती चूक आहे. ग्रीकमध्ये खांबाला 'स्टायलोस' म्हणतात. हा शब्द त्यातूनच आला असावा असं समजून विद्वानांनी स्पेलिंग बदललं आणि ते रुळलं. त्या ग्रीक खांबातून आलेली खरी स्टाईल फुलात सापडते. आपल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तिला कुक्षीवृंत म्हणतात. मक्याच्या कणसाचे लोंबणारे केस म्हणजे अशा स्टाईलीच, दाण्यागणिक एक. ज्या केसावर पराग पडला नाही, त्याचा दाणा भरत नाही. कणीस सोलल्यावर मध्येच बोळकं दिसतं, ते त्यामुळं.

असो. काडीकडे परत येऊ. काडीवरून लिहिण्याची पद्धत, लिहिण्याच्या पद्धतीवरून कागदावर एखाद्याला संबोधण्याची पद्धत आणि शेवटी ते संबोधनच, असा हा शब्द सरकत गेला. आपल्या जुन्या पत्रांत राजमान्य राजेश्री असे, ती इंग्रजी हिशेबानं त्या माणसाची स्टाईल. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवून घ्यायचं होतं, तर त्यासाठी 1876 मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. 1 जानेवारी 1877 ला दिल्ली दरबारात त्याची द्वाही फिरली. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली, म्हणून ती एम्प्रेस मिल. एखाद्या स्टाईलवरून गिरणीचं बारसं झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि सगळ्यात नामी नमुना तर आपल्या घरचा. निजामानं 1853 च्या तहानं वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपयांवर तो इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानं गेला आणि पुढच्याच वर्षी कारभारासाठी मध्य प्रांताला जोडला गेला. हैदराबादचा अंमल इथून केव्हाच उठला होता. तरी 1936 च्या करारात वऱ्हाडावर निजामाची नाममात्र मालकी मान्य झाली आणि त्याच्या वारसाला, आझम जाहला, 'हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार' अशी स्टाईल मिळाली. म्हणजे मलकापूर, खामगाव, अकोला यांना एक राजपुत्र होता, पण इथला तलाठीही त्याच्या हुकमातला नव्हता. इंग्रजीत हेच एका क्रियापदात सांगता येतं: 'ही वॉज स्टाइल्ड प्रिन्स ऑफ बेरार'. तो राजपुत्र होता की नव्हता, याची जबाबदारी हे क्रियापद घेत नाही. त्याला तसं म्हटलं जाई, एवढंच ते नोंदवतं. ज्याला दुसरं कुणी म्हणत नाही, तो 'सेल्फ स्टाइल्ड'. आपण बातम्यांत अशांना स्वयंघोषित म्हणतो, नि तो तर्जुमा चांगला आहे.

या सगळ्याला मराठीत जोडीदार कोण? शैली नव्हे. शैली निघाली शीलातून, तिचा संबंध स्वभावाशी. किताबापर्यंत ती कधी गेलीच नाही. मला तो जोडीदार सापडला 'लकब' या शब्दात. अरबीत लकब म्हणजे किताब, उपाधी. त्याचंच अनेकवचन अलकाब, म्हणजे पत्रातला मानाचा मायना. मराठीत येऊन मात्र लकब झाली बोलण्या-चालण्यातली खास ढब: मान तिरकी करून हसायची लकब, शब्दाचं शेपूट ओढायची लकब. इंग्रजी स्टाईल ढबीकडून किताबाकडे गेली. आपली लकब किताबाकडून ढबीकडे आली. वाटेत दोघी कुठं भेटल्या असतील, तर एकमेकींना ओळखलंही नसेल.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, दोन कप चहा झाला. मग म्हणाला, "म्हंजे नावच ना सर? मंग दोनदा काऊन लिवलं?" वकिली इंग्रजीला जोडशब्दांची खोड आहे, 'नल अँड व्हॉइड' घ्या, 'विल अँड टेस्टमेंट' घ्या. आपणही कमी नाही. खरेदीखतात जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप अशी यादी येते, नि शेत तेवढंच राहतं. त्याला करार मराठीतही हवा होता. कुणीतरी करून दिलेल्या कच्च्या तर्जुम्यात 'या नावाने व शैलीने' असं होतं. मी 'व शैलीने' खोडलं.

फर्मचं नाव अजून ठरलेलं नाही. मोठा चुलतभाऊ आजोबांच्या नावावर अडून बसलाय.