‘ॲलर्जी’चा शेरा आणि त्याची फेरतपासणी

मुलाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे काय, हा प्रश्न आजकाल बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात केसपेपर काढतानाच विचारला जातो, आणि त्याचे उत्तर देताना कित्येक माता-पित्यांची जी तारांबळ उडते ती पाहिली म्हणजे या साध्या प्रश्नामागे केवढा संभ्रम दडला आहे याची कल्पना येते. ‘दीड वर्षाचा असताना कसलेसे गुलाबी औषध दिले होते, ते गरम पडले, अंगभर पुरळ आला,’ असे आई सांगते. आजी मध्येच म्हणते की ते औषधाने नव्हे, बाळाला गोवर आला होता. आणि वडील पुस्ती जोडतात की आमच्या घराण्यातच पेनिसिलीन चालत नाही. बाहेर रुग्णांची रांग लागलेली असते, जोखीम पत्करण्याची कोणाचीच इच्छा नसते, आणि केसपेपरच्या माथ्यावर लाल शाईने ‘पेनिसिलीन ॲलर्जी’ असा शेरा पडतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली १ जून ही जन्मतारीख जशी माणसाला पेन्शनीपर्यंत सोडत नाही, तसाच हा शेराही एका फाईलीतून दुसऱ्या फाईलीत उतरत जातो, आणि तो मुळात कोणत्या पुराव्यावर मारला गेला याचा खुलासा पुढे कोणी मागत नाही.

ॲलर्जी हे थोतांड आहे असे मात्र कोणी यावरून समजू नये. या कल्पनेचा जन्मच मुळी आजारी मुलांच्या खाटांपाशी झाला. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक हे घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष टोचलेल्या मुलांचे निरीक्षण करीत असता त्यांच्या असे ध्यानात आले की, पहिल्या टोचणीनंतर ताप, पुरळ आणि सांधेसूज ही लक्षणे आठ-दहा दिवसांनी उद्भवतात, परंतु काही काळाने त्याच मुलाला तेच प्रतिविष पुन्हा टोचले तर ती फार लवकर, क्वचित काही मिनिटांतच, उमटतात. शरीराला पूर्वपरिचयाची स्मृती असते, ती एरव्ही रोगापासून संरक्षण करते आणि प्रसंगी शरीरावरच उलटते, असे अनुमान त्यांनी यावरून काढले आणि १९०६ साली पिर्के यांनी या विकृतीला ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. पेनिसिलीनचा शोध त्यानंतर २२ वर्षांनी लागला. तेव्हा ज्या तक्रारीचा आळ आज बहुधा पेनिसिलीनवर येतो, ती तक्रार त्या औषधाहून वयाने वडील आहे.

खऱ्या आणि धोकादायक ॲलर्जीची ओळख प्रत्येक घराने करून ठेवली पाहिजे, कारण तेथे विलंबाला क्षमा नाही. औषधाचा डोस पोटात गेल्यावर, किंवा इंजेक्शन दिल्यावर, काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत अंगावर खाजणाऱ्या, फुगीर, जागा बदलणाऱ्या गांधी उठणे, पापण्या-ओठ सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास लागून छातीत घरघर सुरू होणे, उलट्यांवर उलट्या होणे आणि मूल एकाएकी पांढरेफटक पडून मलूल होणे, ही त्या तीव्र प्रतिक्रियेची चिन्हे होत. नुसत्या गांधी असल्या तर आपल्याकडे ‘पित्त उठले’ म्हणून आमसुलाचे पाणी लावण्याचा प्रघात आहे आणि त्याने खाज थोडी निवतेही. परंतु गांधींच्या जोडीला श्वासाचा त्रास किंवा ग्लानी असेल तर आमसूलही नको आणि ‘जरा वाट पाहू’ हेही नको. मुलाला उताणे निजवून पाय उंच करावे (श्वास लागला असेल तर त्याला ज्या बैठकीत बरे वाटेल तीत ठेवावे) आणि तात्काळ इस्पितळ गाठावे. तेथे मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूत दिले जाणारे ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच अशा वेळचा पहिला उपाय होय. ॲव्हिल आणि स्टेरॉइड यांचा क्रम त्यानंतरचा. कित्येकदा प्रकृती सावरल्यावर काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटतात, म्हणून अशा मुलाला काही काळ नजरेखाली ठेवून घेतात. ‘आता बरा आहे, सोडा’ असा आग्रह घरच्यांनी धरू नये.

दुसरा धोका सावकाश येतो. औषध सुरू करून कित्येक दिवस लोटल्यावर पुरळाबरोबर तोंडात, डोळ्यांत वा लघवीच्या जागी फोड येऊ लागले, कातडी दुखू लागली किंवा सोलवटून निघू लागली, तर ते औषध त्याच क्षणी बंद करून इस्पितळात जावे, आणि ते औषध त्या मुलास पुन्हा आयुष्यात देऊ नये. सल्फा वर्गातील औषधांनी असे घडल्याची उदाहरणे वैद्यकात प्रसिद्ध आहेत. असे प्रकार विरळ. पण विरळ म्हणून विसरण्याजोगे नव्हेत.

या दोन टोकांच्या मध्ये जो अफाट प्रदेश पसरला आहे, तेथेच बहुतेक शेरे जन्मास येतात. वर्षाच्या आतबाहेरच्या एखाद्या बाळाला अचानक सणकून ताप भरतो. सर्दी नाही, खोकला नाही, तरी ताप हटत नाही. दुसऱ्या दिवशी घरातील मंडळींचा धीर सुटतो आणि ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ या विनवणीला डॉक्टरही बळी पडतात. सुक्या भुकटीची बाटली घरी येते, उकळून गार केलेले पाणी तीवरच्या रेघेपर्यंत भरून ती खळखळून हलविली जाते, आणि पहिला चमचा बाळाच्या घशात उतरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप एकदम उतरतो, आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते न टाकते तोच छाती-पाठीवर बारीक गुलाबी पुरळ उमटतो. हा पुरळ म्हणजे बहुधा एका अत्यंत सामान्य विषाणुजन्य बालरोगाची शेवटची पायरी असते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना तो हमखास गाठतो, त्याचा क्रमच ‘आधी ताप, मग पुरळ’ असा आहे, आणि औषधाची बाटली फोडलीच नसती तरीही हा पुरळ ठरल्या दिवशी आलाच असता. परंतु बाटली हजर होती, विषाणू अदृश्य होता; आळ कोणावर जावा हे उघडच आहे. त्या तापाला ॲन्टिबायोटिकचा काडीमात्र उपयोग नव्हता, हा भाग आणखी निराळा.

असेही घडते की विषाणू आणि औषध दोघे मिळून पुरळ उठवितात. घसा, गळ्यातील गाठी आणि प्लीहा सुजविणारा एक विषाणुज्वर आहे. त्यात पेनिसिलीनच्याच कुळातील अमॉक्सिसिलीन दिल्यास अंगभर लालभडक पुरळ उठण्याचा बराच संभव असतो, आणि तरीही ताप निघून गेल्यावर तेच औषध त्याच मुलाला पुढे सुखाने पचते. शिवाय औषध पाच-सात दिवस घेतल्यावर येणारा सपाट, फारसा न खाजणारा, मूल खेळत असतानाच दिसणारा साधा पुरळ हा पुष्कळदा आपोआप ओसरतो. अशा वेळी पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, हे खरे. पण घाबरून रात्री-अपरात्री धावाधाव करण्याचे त्यात कारण नसते. जुलाबांचेही तसेच. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची जोड दिलेल्या अमॉक्सिसिलीनने मुलांना पातळ परसाकडे होते, तो त्या औषधाचा उपद्रव खरा, ॲलर्जी नव्हे. आणि वडिलांना पेनिसिलीन सोसत नसे एवढ्याच कारणावरून मुलाला ते वर्ज्य करणे तर सर्वस्वी निराधार आहे. घराण्याचा वारसा इतका दूर पोहोचत नाही.

कोणी म्हणेल, शेरा चुकीचा असला म्हणून बिघडले कुठे? एक औषध नसेल तर दुसरे देता येईल. हा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा वाटतो, मला तो घातक वाटतो. पेनिसिलीनच्या कुळातील औषधे स्वस्त, जुनी, पारखलेली आणि नेमक्या जंतूंवर नेमका घाव घालणारी आहेत. म्हणून तर १९५४ साली, देश नवस्वतंत्र आणि पैशाने तंग असतानाही, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे ती तयार करण्याचा सरकारी कारखाना उभारण्यात आला. ती वर्ज्य केली की महाग आणि व्यापक प्रभावाची औषधे वापरावी लागतात, आतड्यातील उपकारक जंतूही त्यांत भरडले जातात आणि औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची पैदास वाढते. सांधेज्वराने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलाची गोष्ट तर विशेषच करुण आहे: त्याला दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे, दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते, तेच त्याच्या हृदयाचे कवच असते, आणि एखाद्या जुन्या, संशयित पुरळाच्या भयाने ते इंजेक्शन देण्यास कित्येक ठिकाणी टाळाटाळ होते.

संशयाचा निकाल लावण्याचा मार्ग उपलब्ध आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील बालरुग्णालयात अमॉक्सिसिलीनच्या ॲलर्जीचा संशय असलेल्या ८१८ मुलांना वैद्यकीय देखरेखीखाली तेच औषध, प्रथम डोसाचा एक दशांश भाग आणि नंतर उरलेला भाग, असे टप्प्याने देऊन पाहण्यात आले. त्यांपैकी ७७० मुलांना काहीएक झाले नाही, १७ जणांना लगेच आणि ३१ जणांना उशिरा प्रतिक्रिया आली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अर्थ असा की शेरा लागलेल्या शंभरांपैकी चौऱ्याण्णव मुले निर्दोष सुटली. शिवाय ज्यांची ॲलर्जी खरी असते, त्यांच्यापैकीही बहुतेकांची ती औषधापासून दूर राहिल्यास दहा वर्षांत ओसरून जाते. मात्र ही परीक्षा घरी, स्वतःच्या हिकमतीने, चमचाभर औषध पाजून कदापि घेऊ नये. ती ॲड्रिनलिन हाताशी असलेल्या इस्पितळातच व्हावी, आणि ज्या मुलाच्या कातडीवर वा तोंडात फोड आले होते त्याची तर ती मुळीच होऊ नये. आपल्याकडे इंजेक्शनापूर्वी हातावर थेंबभर औषध टोचून, भोवती पेनने वर्तुळ काढून पाहण्याची जी ‘टेस्ट डोस’ची चाल आहे, तिच्यावरही फार विसंबता येत नाही: बहुतेक ॲन्टिबायोटिकांसाठी ती प्रमाणित झालेली नाही, वर्तुळ कोरे राहिले म्हणून धोका टळतो असे नाही, आणि लाल झाले तर ती नुसती त्वचेची चुरचुर असू शकते.

तेव्हा पालकांच्या हाती उरते ते दप्तर नीट ठेवण्याचे काम. औषधाचे नाव, ते कशासाठी दिले, कितव्या दिवशी आणि डोसानंतर किती वेळाने काय दिसले, ताप तेव्हा होता की उतरला होता, किती दिवसांत सर्व निवळले, एवढा तपशील वहीत लिहावा आणि पुरळाचे उजेडात दोन फोटो काढून ठेवावे; मूल ठणठणीत असताना हे कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि हा शेरा कायम ठेवावयाचा की खोडावयाचा असे स्पष्ट विचारावे. पण यात एक अडचण आहे, आणि ती पालकांच्या हातची नाही. लहान गावांतून आणि शहरांच्या वस्त्यांतूनही आजमितीस औषध मिळते ते कागदाच्या पुडीत: दोन पांढऱ्या गोळ्या, एक पिवळी, अर्धी लाल, ‘सकाळ-संध्याकाळ द्या.’ त्या पुडीने मुलाच्या अंगावर गांधी उठल्या तर दोष पांढरीचा की पिवळीचा हे कोणता तज्ज्ञ सांगू शकेल? सर्व डॉक्टर मंडळींना माझी विनंती आहे की, पुडी द्यावयाचीच असेल तर जरूर द्यावी, परंतु तीत कोणकोणती औषधे आहेत ती नावे सुवाच्य अक्षरात त्याच कागदावर लिहून द्यावी; आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरण्यापूर्वी ती मागून घेण्यास पालकांनी संकोच करू नये.