एका शतांश सेकंदासाठी जागायचं कशाला?

होस्टेलवर वाद कशावरून पेटेल याचा नेम नाही. गीझरवरून पेटतो, पंख्याच्या स्पीडवरून पेटतो, मेसच्या रस्सा-भाजीत बटाटे किती यावरून तर रोजच. पण आमच्या विंगमधला एक वाद ऑगस्ट २०२४ पासून चालू आहे. विषय असा : ऑलिंपिकसारख्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांकडे अजूनही लक्ष द्यावं का?

त्याचं झालं असं. १ ऑगस्टची दुपार. जेवून प्रॅक्टिकलला पळायच्या घाईत होतो, तर कॉमन रूमच्या टीव्हीसमोर मेसचे मामा हातात झारा घेऊन उभे. पॅरिसहून ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची फायनल चालू होती. "आमच्याकडचा पोरगा हाय, कांबळवाडीचा," मामा म्हणाले. कांबळवाडी म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं छोटं गाव, आणि पोरगा म्हणजे मध्य रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसाळे. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि मग उभं राहून ५० मीटरवरच्या निशाण्यावर गोळ्या झाडायच्या. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम दहा मिलिमीटरचं! ४५१.४ गुण घेऊन स्वप्नीलने ब्राँझ मिळवलं आणि मामांनी झारा हवेत फिरवला. आमटीचे शिंतोडे माझ्या जर्नलवर अजून आहेत.

माझा रूममेट मात्र ढिम्म. म्हणाला, "अरे, हा सगळा पैशांचा धंदा आहे. तुला काय मिळालं त्यातून?"

आता खरं सांगायचं तर त्याचे मुद्दे खोटे नाहीत. माँट्रियलने १९७६ मध्ये ऑलिंपिक भरवलं आणि त्याचं कर्ज फिटायला २००६ उजाडलं. तीस वर्षं! अथेन्समध्ये २००४ साठी बांधलेल्या कितीतरी जागा नंतर ओस पडल्या. यजमानपदासाठी लाच घेतल्याचं सॉल्ट लेक सिटीचं प्रकरण उघडकीला आलं, तेव्हा १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीला आपले काही सदस्य काढून टाकावे लागले. खेळाडूही सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांच्या १५०० मीटर शर्यतीत ज्या दोघी पहिल्या आल्या, त्या दोघींचीही पदकं पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात काढून घेतली गेली.

मग उरलं काय? या प्रश्नाचं उत्तर मला सिव्हिलच्या पोरांनी दिलं, तेही माझं नाक कापून.

मागल्या वर्षीच्या गॅदरिंगच्या खेळांत मी ४०० मीटर ५६.२ सेकंदांत पळालो. कॉलेजचा रेकॉर्ड! आठवडाभर मी कॉलर ताठ करून हिंडत होतो. घरी फोन केला, तर बाबांनी गल्लीत पेढे वाटले. पुढे सिव्हिलच्या दोघा मित्रांनी सर्व्हे लॅबची टेप आणली आणि सरावाला म्हणून आपला ट्रॅक मोजला. आतली लेन भरली ३८८ मीटर! फक्की मारणाऱ्याने वळण जरा आतून घेतलं होतं. बारा मीटर म्हणजे माझ्या वेगाने पावणेदोन सेकंद. गेला रेकॉर्ड! बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी गेला की कळेलच.

त्या रात्री मला पहिल्यांदा नीट कळलं की आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे नेमकं काय असतं. तिथे ४०० मीटर म्हणजे ४०० मीटरच. नैरोबीच्या पोराला तेवढेच, पायोलीच्या पोरीलाही तेवढेच. पी. टी. उषाचं ब्राँझ १९८४ मध्ये लॉस एंजलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत एका शतांश सेकंदाने हुकलं. तिची वेळ ५५.४२, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची ५५.४१. अंतर काढलं तर सुमारे सात सेंटिमीटर. हळहळ वाटते, पण त्या आकड्यावर विश्वासही बसतो.

आणि हे मोजमाप आपली मर्यादाही ओळखतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडले पोहण्याची शर्यत स्वीडनच्या गुनार लार्सनने ०.००२ सेकंदाने जिंकली. एवढ्या वेळात पोहणारा साधारण ३ मिलिमीटर जातो. पण तलावाची एक लेन दुसरीपेक्षा बांधकामातच याहून जास्त लांब-आखूड असू शकते! मग जिंकला कोण, पोहणारा की गवंडी? म्हणून पोहण्याचे निकाल पुढे शतांशापर्यंतच धरायचे ठरलं. आपल्या भाषेत, टॉलरन्सपेक्षा बारीक लीस्ट काउंट घेऊन उपयोग नाही. त्यामुळेच २०१६ मध्ये रिओला १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्स, ल क्लो आणि चेह या तिघांची वेळ ५१.१४ भरली आणि तिघांनाही रौप्य मिळालं. "यापुढचं आम्हाला सांगता येत नाही" हे मान्य करायला धैर्य लागतं. व्हायव्हामध्ये आपल्याला कुठे जमतं?

दुसरं कारण. क्रिकेटवाल्याला बारा महिने टीव्ही आहे. पैलवानाला, नेमबाजाला चार वर्षांतून एकदा सगळा देश बघतो. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर त्यांच्यासाठी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. महाराष्ट्राला दुसरं मिळायला स्वप्नीलची, म्हणजे ७२ वर्षं वाट बघावी लागली. ती दुपार नसती, तर कांबळवाडीचं नाव मला कधी कळलं असतं?

तेव्हा माझं मत असं : पदकतक्त्यासाठी आणि रोषणाईसाठी जागू नका, पण या माणसांसाठी आणि या मोजपट्टीसाठी जरूर जागा. आणि रूममेटचे प्रश्नही विसरू नका. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी भारताने २०२४ मध्ये इच्छापत्र पाठवलं आहे. ते आपल्याला मिळालं तर ती स्टेडियम्स आपल्यापैकीच कुणीतरी बांधेल, आणि बिल आपण सगळेच भरू. खेळ संपल्यावर तिथे कोण पळणार, हे आधी विचारायला हवं.

हे सगळं मी रूममेटला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पटलं नाही." पण रविवारी सकाळी सहाला स्वतःच उठला, सर्व्हेची टेप आणि फक्कीची पाटी घेऊन मैदानावर माझ्यासोबत आला. आता आतली लेन बरोबर ४०० मीटर आहे. माझी वेळ? ५८.१.

खरी आहे, एवढंच सांगतो.